पृष्ठफळ: पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न

खोक्यापासून चेंडूपर्यंतच्या आकारांचं पृष्ठफळ काढताना अडलेली मंडळी जे विचारतात ते इथे एकत्र केलं आहे. प्रश्न शक्यतो विचारणाऱ्याच्याच शब्दांत ठेवलेत. तेच तेच दोनदा सांगायला लागू नये म्हणून क्रमांक दिले आहेत. सूत्रं अक्षरांत न लिहिता शब्दांत लिहिली आहेत, त्याचं कारण प्रश्न ९ मध्ये सापडेल. वेगळं सांगितलं नसेल तिथे π = ३.१४ समजा.

१. पृष्ठफळ म्हणजे क्षेत्रफळच ना? मग वेगळा शब्द कशाला?

क्षेत्रफळच. कागदावरच्या सपाट आकृतीने व्यापलेली जागा म्हणजे क्षेत्रफळ, आणि जाडी-उंची असलेल्या वस्तूच्या सगळ्या बाहेरच्या बाजूंच्या क्षेत्रफळांची बेरीज म्हणजे पृष्ठफळ. मी एक साधी खूण सांगतो. डोळे मिटून वस्तूवरून हात फिरवा. जिथे जिथे हात लागतो तो भाग मोजायचा, जिथे लागत नाही तो सोडायचा. पोरकट वाटेल, पण प्रश्न १५ पासून पुढची निम्मी गणितं या खुणेवरच सुटतात.

२. गणितात पृष्ठफळ विचारलंय की घनफळ, हे मला कधीच कळत नाही. कसं ओळखायचं?

क्रियापद बघा. रंगवणं, मढवणं, गुंडाळणं, मुलामा देणं, पत्रा किंवा कापड लागणं आलं की पृष्ठफळ. मावणं, भरणं, ओतणं, वितळवून दुसरं काही बनवणं आलं की घनफळ. फसवणारा शब्द म्हणजे ‘लागेल’. ‘किती पत्रा लागेल’ हे पृष्ठफळ, ‘किती पाणी लागेल’ हे घनफळ.

आकड्यावरून मात्र काही ओळखू नका. ६ सेमी कडेच्या घनाचं पृष्ठफळ २१६ आणि घनफळही २१६ येतं. एक चौरस सेंटिमीटरमध्ये, दुसरं घन सेंटिमीटरमध्ये. आकडा सारखा आला म्हणून दोन्ही ‘समान’ आहेत असं लिहू नका. लांबी आणि वजन समान असण्यासारखंच ते होईल.

३. उत्तर चौसेमीत आलं. चौमी करायला १०० ने भागलं तर चूक दिली. का?

कारण १ चौमी म्हणजे १०० सेमी × १०० सेमी, म्हणजे १०,००० चौसेमी. तेव्हा १०,००० ने भागा. सगळ्यात बरं म्हणजे सुरुवातीलाच सगळी मापं एका एककात आणून मग गणिताला हात घालावा.

४. इष्टिकाचितीचं सूत्र पाठ होत नाही. काही युक्ती आहे का?

पाठ करू नका. इष्टिकाचिती म्हणजे साधं खोकंच. एक पुठ्ठ्याचं खोकं घ्या, उभ्या कडेवर कापा आणि जमिनीवर पसरा. त्या पसरलेल्या आकृतीला घडण म्हणतात. समजा खोकं ३० सेमी लांब, २० सेमी रुंद, १० सेमी उंच आहे. पसरल्यावर चार उभ्या बाजू एकमेकींना चिकटून एक लांब पट्टी झालेली दिसेल. पट्टीची लांबी ३० + २० + ३० + २० = १०० सेमी, म्हणजे तळाची परिमिती. पट्टीची रुंदी १० सेमी, म्हणजे खोक्याची उंची. पट्टी झाली १००० चौसेमीची. राहिला तळ आणि झाकण, ६०० चौसेमीचं एकेक. एकूण २२०० चौसेमी.

आता पुस्तकातल्या सूत्राने पडताळा. २ × (३०×२० + २०×१० + ३०×१०) = २ × ११०० = २२००. तेच.

पट्टीचा विचार लक्षात ठेवा, सूत्र विसरलात तरी चालेल. तळ त्रिकोणी असो, षट्कोनी असो की गोल, चिती (वर-खाली सारखाच तळ असलेला आकार) सरळ उभी असेल तर हिशोब एकच: तळाची परिमिती × उंची, अधिक दोन तळ. घन हा याचाच सर्वांत सोपा नमुना, सहा सारखे चौरस. त्यावर वेगळा प्रश्न टाकलेला नाही.

५. एकूण पृष्ठफळ, उभं पृष्ठफळ, वक्रपृष्ठफळ. हे तीन वेगळे आहेत का?

वर-खाली धरून सगळं म्हणजे एकूण. वरचं आणि खालचं सोडून फक्त भिंती म्हणजे उभं. त्या भिंती गोलाकार असतील तर वक्र. वृत्तचितीचं (म्हणजे गोल डब्याच्या आकाराचं) आणि शंकूचं ‘वक्र’ विचारलं असेल तर तळ धरायचा नाही. गोलाला तळच नाही, त्यामुळे त्याचं वक्र आणि एकूण एकच.

६. झाकण नसलेली पेटी किंवा खोलीच्या भिंती असतील तर?

नाही ते वजा करा. झाकण नसेल तर एक तळ कमी, खोलीच्या भिंती रंगवायच्या असतील तर छत-जमीन दोन्ही कमी आणि दारं-खिडक्यांचं क्षेत्रफळही कमी. प्रत्यक्ष भिंत रंगवताना खिडकीच्या चौकटीभोवती भिंतीच्या जाडीएवढी पट्टी उघडी असते, तीही रंगवावी लागते. शाळेच्या गणितात ती कुणी धरत नाही, पण हात फिरवून पाहिला की ती लगेच बोटांना लागते.

७. वृत्तचिती उलगडली की आयत कसा होतो?

गोल डब्यावरचं लेबल उभ्या रेषेत कापून काढा. हातात आयत येईल. त्याची उंची डब्याएवढी, आणि लांबी डब्याभोवती एक फेरा घेणारी, म्हणजे परिघाएवढी. म्हणून वक्रपृष्ठफळ = २ × π × त्रिज्या × उंची. प्रश्न ४ मधली पट्टीच ही, फक्त तळ गोल आहे.

त्रिज्या ७ सेमी, उंची १० सेमी आणि π = २२/७ घेतला तर वक्रपृष्ठफळ ४४० चौसेमी. दोन तळ १५४ चे, म्हणजे ३०८. एकूण ७४८ चौसेमी.

८. π साठी ३.१४ घ्यायचं की २२/७? दोन्हींनी उत्तर वेगळं येतं.

येणारच, कारण दोन्ही अंदाजच आहेत. ३.१४ खऱ्या किमतीपेक्षा जरा कमी, २२/७ जरा जास्त. ७ सेमी त्रिज्येच्या गोलाचं पृष्ठफळ २२/७ ने ६१६ येतं, ३.१४ ने ६१५.४४, आणि खरं उत्तर ६१५.७५ च्या आसपास आहे. दोघांत २२/७ किंचित जवळचा. गणितात किंमत दिली असेल तर तीच घ्या. दिली नसेल तर त्रिज्येत ७ चा पट दिसतो का बघा, दिसला तर २२/७ ने आकडेमोड हलकी होते. आर्यभटाने इसवी सन ४९९ मध्ये ६२,८३२ भागिले २०,००० अशी किंमत दिली होती, म्हणजे ३.१४१६, आणि ‘आसन्न’ म्हणजे जवळपासची, असं सांगूनही ठेवलं होतं. किंमत अचूक धरूनच भांडणं होतात, ती त्याने तेव्हाच टाळली.

९. शंकूत ‘एल’ म्हणजे लांबी का? शंकूला कुठली लांबी?

हाच तो घोळ ज्यासाठी इथे अक्षरं वापरली नाहीत. इष्टिकाचितीत ‘एल’ म्हणजे लांबी, शंकूत तेच अक्षर तिरकस उंचीसाठी वापरतात. शंकूला दोन उंच्या असतात. टोकापासून तळाच्या मध्यावर सरळ खाली येणारी लंब उंची, आणि टोकापासून अंगावरून घसरत कडेपर्यंत येणारी तिरकस उंची. मुंगी टोकावरून कडेला जाईल ती वाट तिरकस उंचीची. लंब उंची शंकूच्या पोटातून जाते, तिथे हात लागत नाही, म्हणून पृष्ठफळात ती थेट येत नाही. घनफळात मात्र तीच लागते.

दिलेली लंब उंची असेल तर पायथागोरस: तिरकस उंचीचा वर्ग = त्रिज्येचा वर्ग + लंब उंचीचा वर्ग. त्रिज्या ६, लंब उंची ८ असेल तर तिरकस उंची १०.

१०. शंकूचं वक्रपृष्ठफळ π × त्रिज्या × तिरकस उंची. हे कुठून आलं?

कंपासने कागदावर १० सेमी त्रिज्येचं वर्तुळ काढा. त्यातून १४४ अंशांची पाकळी कापून टाका, २१६ अंशांची ठेवा. राहिलेल्या तुकड्याच्या दोन सरळ कडा जुळवून चिकटवा. शंकू उभा राहील. त्याचा तळ मोजा, त्रिज्या ६ सेमी भरेल. उंची मोजा, ८ भरेल. प्रश्न ९ मधलाच शंकू आहे हा.

कागद तर तोच आहे, फक्त वळवला. म्हणजे शंकूचं अंग = पाकळीचं क्षेत्रफळ. पूर्ण वर्तुळ ३१४ चौसेमी, त्यातला २१६/३६० म्हणजे सहा दशांश भाग १८८.४ चौसेमी. सूत्राने ३.१४ × ६ × १० = १८८.४. तळ धरला तर त्यात ११३.०४ मिळवा, एकूण ३०१.४४.

हे एकदा करून पाहाच. वाचून जे दहा मिनिटांत डोक्यात शिरत नाही ते चिकटवताना दोन मिनिटांत शिरतं.

११. पिरॅमिडला तर तीन-तीन उंच्या दिसतात. कुठली घ्यायची?

गीझाचा सर्वांत मोठा पिरॅमिड घेऊ. बांधला तेव्हा तळाची बाजू सुमारे २३०.३ मीटर आणि उंची सुमारे १४६.६ मीटर होती. पहिली ही लंब उंची, १४६.६. दुसरी, टोकापासून तळाच्या बाजूच्या मध्यापर्यंत उतरणारी तिरकस उंची, पायथागोरसने सुमारे १८६.४ मीटर. तिसरी, टोकापासून कोपऱ्यापर्यंतची कड, सुमारे २१९.१ मीटर.

बाजूचा त्रिकोण मोजायचा आहे, आणि त्रिकोणाची उंची त्याच्या पायाला लंब असते. म्हणून मधली, १८६.४. चार त्रिकोण: ४ × १/२ × २३०.३ × १८६.४, म्हणजे सुमारे ८५,९०० चौमी. कोपऱ्याची कड घेणाऱ्यांचं उत्तर एक लाखाच्या पुढे जातं. ही चूक इतकी नेहमीची आहे की उत्तराचा आकडा पाहूनच मी ती ओळखतो.

१२. गोलाचं पृष्ठफळ बरोबर चार वर्तुळांएवढंच का? तीन नाही, पाच नाही?

मला सर्वांत आवडणारा प्रश्न, म्हणून जरा लांबतो.

आधी हाताने. एक भरीव चेंडू मधोमध कापा. सपाट भागावर मध्यापासून कडेपर्यंत दोरी गोल गोल चिकटवत न्या, फटी राहू देऊ नका. मग तसलीच दोरी घुमटावर टोकापासून कडेपर्यंत गुंडाळा. दोन्ही दोऱ्या सोडवून मोजा. ५ सेमी त्रिज्या आणि २ मिमी जाडीची दोरी असेल तर सपाट भागाला ३.९ मीटरच्या आसपास लागेल आणि घुमटाला त्याच्या दुप्पट, ७.८ मीटरच्या पुढे. अर्ध्या चेंडूला दोन वर्तुळं, तर पूर्ण चेंडूला चार.

आता कारण. गोलाभोवती घट्ट बसणारी वृत्तचिती कल्पा, त्रिज्या गोलाचीच आणि उंची व्यासाएवढी. दोघांना एकाच पातळीवर आडवे पातळ काप द्या. गोलाच्या टोकाकडच्या कापाचा घेर लहान असतो, पण तिथलं अंग जास्त तिरकं असल्यामुळे पट्टी रुंद होते. घेर ज्या प्रमाणात घटतो नेमक्या त्याच प्रमाणात रुंदी वाढते. म्हणून गोलाची प्रत्येक पट्टी वृत्तचितीच्या शेजारच्या पट्टीएवढीच भरते. सगळ्या मिळवल्या की गोलाचं पृष्ठफळ = वृत्तचितीचं वक्रपृष्ठफळ = परीघ × व्यास = ४ × π × त्रिज्येचा वर्ग.

हे आर्किमिडीजने इसवी सनपूर्व तिसऱ्या शतकात सिद्ध केलं. झाकणं धरली तर त्या वृत्तचितीच्या एकूण पृष्ठफळाच्या दोन तृतीयांश गोलाचं पृष्ठफळ येतं, आणि घनफळाचंही प्रमाण तेच. या शोधावर तो इतका खूश होता की थडग्यावर गोल आणि वृत्तचिती कोरायला सांगून गेला. पुढे इसवी सनपूर्व ७५ मध्ये रोमन वक्ता सिसेरो याला सिसिली बेटावरच्या सिरॅक्यूजमध्ये झुडपांत दडलेलं ते थडगं त्या खुणेवरूनच सापडलं.

आपल्याकडे भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास ‘लीलावती’त वर्तुळाच्या क्षेत्रफळाची चौपट हे गोलाचं पृष्ठफळ म्हणून दिलं, आणि ते चेंडूभोवतीच्या जाळ्यासारखं असतं असं म्हटलं. एका उपमेत पृष्ठफळाची व्याख्या झाली.

१३. अर्धगोल: दोन वर्तुळं की तीन?

पोकळ वाटी असेल तर बाहेरून दोन. भरीव असेल तर सपाट तोंडावरही हात लागतो, म्हणून तीन. पातळ वाटी आतून-बाहेरून दोन्हीकडून रंगवायची तर चार. ‘अर्धगोल’ एवढंच म्हटलं आणि भरीव की पोकळ ते सांगितलं नाही, तर चूक प्रश्न काढणाऱ्याची.

१४. घुमट अर्ध्या गोलापेक्षा बसका असेल तर?

२ × π × गोलाची त्रिज्या × घुमटाची उंची. प्रश्न १२ मधल्या पट्ट्यांवरूनच हे येतं. अडचण अशी की गोलाची त्रिज्या सहसा माहीत नसते, तोंडाची त्रिज्या मोजता येते, आणि लोक तीच घालून मोकळे होतात. त्यापेक्षा हे वापरा: π × (तोंडाच्या त्रिज्येचा वर्ग + उंचीचा वर्ग). तोंडाची त्रिज्या १२, उंची ५ असेल तर ३.१४ × १६९ = ५३०.६६.

याचीच एक गंमत. चेंडूचे सारख्या जाडीचे आडवे काप केले तर प्रत्येक कापाच्या वाट्याला सालीचा सारखाच हिस्सा येतो, मधला असो वा टोकाचा. टोकाचा लहान दिसतो, पण सालीच्या हिशोबात कमी नसतो.

१५. दोन घन चिकटवले. एकाला सहा बाजू, तर दोघांना बारा ना?

दहा. चिकटलेल्या जागी दोघांची एकेक बाजू आत गेली, तिथे आता हात लागत नाही. दर जोडामागे दोन्हीकडचं क्षेत्रफळ वजा करायचं, एकीकडचंच नव्हे. वृत्तचितीवर शंकू बसवला तरी हाच नियम: वृत्तचितीचा वरचा तळ आणि शंकूचा तळ, दोन्ही गायब. म्हणून जोड-आकारांत ‘एकूण’ची सूत्रं मिळवू नका, उघडे भाग एकेक करून मिळवा.

१६. मोठ्या घनाच्या कोपऱ्यातून लहान घन कापून काढला. पृष्ठफळ किती कमी झालं?

अजिबात नाही. कोपऱ्याच्या तीन बाजू गेल्या, पण खाचेत तशाच तीन नव्या उघड्या पडल्या. कडेच्या मधून काढला तर दोन जातात, चार येतात. दोन लहान चौरसांची वाढ. बाजूच्या मधोमध खड्डा केला तर एक जाते, पाच येतात, चारांची वाढ. वस्तू कमी होऊनही पृष्ठफळ वाढतं हे पचायला जड जातं. बोट खाचेत घालून मोजा.

१७. आरपार भोक पाडलं तर वाढतं की घटतं?

भोकाच्या त्रिज्येवर आणि खोलीवर अवलंबून. दोन्हीकडून एकेक वर्तुळ जातं, आत वृत्तचितीची भिंत येते. खोली त्रिज्येपेक्षा जास्त तर वाढ, कमी तर घट, सारखी तर जैसे थे. १० सेमी घनात २ सेमी त्रिज्येचं भोक: ६०० − २५.१२ + १२५.६ = ७००.४८ चौसेमी. पातळ पत्र्याला मोठं भोक पाडलं तर मात्र घट.

१८. नळीचं एकूण पृष्ठफळ काढताना जाडी कुठे धरायची?

बाहेरची भिंत, आतली भिंत, आणि दोन टोकांच्या दोन कंकणाकृती कडा. बाहेरची त्रिज्या ५, आतली ४, लांबी १०० सेमी: ३१४० + २५१२ + ५६.५२ = ५७०८.५२ चौसेमी. कडांचं योगदान किरकोळ, पण गुण त्याचेच जातात.

१९. बादलीसारख्या आकाराला सूत्र काय?

हा शंकुछेद, म्हणजे टोक कापलेला शंकू. वक्रपृष्ठफळ = π × (दोन्ही त्रिज्यांची बेरीज) × तिरकस उंची. वरची त्रिज्या १५, खालची १०, लंब उंची १२ असेल तर त्रिज्यांतला फरक ५, तिरकस उंची १३. अंग १०२०.५, तळ ३१४, एकूण १३३४.५ चौसेमी. तोंड उघडं आहे, ते धरू नका.

यातच वृत्तचिती आणि शंकूही दडलेत. सरासरी परीघ × तिरकस उंची, एवढंच आहे ते. दोन्ही त्रिज्या सारख्या केल्या की वृत्तचिती, एक शून्य केली की शंकू.

२०. त्रिज्या दुप्पट केली तर पृष्ठफळ दुप्पट?

चौपट. घनफळ आठपट. कड ५० टक्के वाढवली तर पृष्ठफळ १.५ × १.५ = २.२५ पट, म्हणजे १२५ टक्के वाढ. मोठा गोळा वितळवून निम्म्या त्रिज्येचे आठ केले तर धातू तेवढाच, पण पृष्ठफळ एकूण दुप्पट. पूड भरीव तुकड्यापेक्षा लवकर का विरघळते, याचंही उत्तर यातच आहे.

२१. पृष्ठफळ सारखं असेल तर मावणारही सारखंच ना?

नाही. २१ × २९.७ सेमीचा साधा ए-फोर कागद एकदा उभा आणि एकदा आडवा गुंडाळा. दोन्ही नळकांड्यांचं वक्रपृष्ठफळ एकच, ६२३.७ चौसेमी. पण उंच नळकांड्यात सुमारे १०४२ घसेमी मावतं आणि बुटक्यात सुमारे १४७४.

उलट बाजूने पाहा. एक लिटरचा घन ६०० चौसेमी पृष्ठफळाचा, आणि एक लिटरचा गोल साधारण ४८४ चौसेमीचा. ठरावीक घनफळाला सर्वांत कमी पृष्ठफळ गोलाचंच. बंद डबाच करायचा असेल तर उंची व्यासाएवढी ठेवली की पत्रा कमीत कमी लागतो.

२२. गणित बरोबर, तरी कागद पुरला नाही. असं का?

पृष्ठफळ म्हणजे झाकायची जागा. जोडाला लागणारी पट्टी, मुडपायची कड आणि कापताना वाया जाणारे तुकडे त्यात नसतात. मी एकदा गोल डब्याला कापडी गवसणी शिवायला परीघ मोजून तंतोतंत तेवढंच कापड कापलं. शिवण घातल्यावर ती चढेचना. शिवणीचे दोन सेंटिमीटर सूत्रात कुठे असतात?

२३. गोलाची घडण पुस्तकात का नसते?

कारण ती होतच नाही. वृत्तचिती आणि शंकू कागदासारखे उलगडतात, गोल न ताणता, न फाडता सपाट होत नाही. फुटलेला चेंडू टेबलावर दाबून बघा, कडा चिरतील किंवा सुरकुत्या पडतील. हे अशक्यच आहे हे जर्मन गणिती गाऊसच्या १८२७ च्या प्रमेयातून येतं. पृथ्वीचं पृष्ठफळ सुमारे ५१ कोटी चौकिमी आहे, पण ते सगळं खऱ्या प्रमाणात आणि खऱ्या आकारात दाखवणारा सपाट नकाशा निघत नाही, तो याचमुळे.

२४. गोलाच्या घनफळाचं विकलन केलं की पृष्ठफळ येतं. घनाचं का येत नाही?

येतं, फक्त चल, म्हणजे बदलती राशी, चुकतोय. विकलन म्हणजे ती राशी किंचित वाढवली की घनफळ किती दराने वाढतं ते. त्रिज्या वाढवली की गोलावर सगळीकडून सारखा थर चढतो. घनाची कड १ मिमीने वाढवली तर प्रत्येक बाजूवर अर्धाच मिमी थर चढतो. म्हणून मध्यापासून बाजूपर्यंतचं अंतर चल घ्या. कड त्याच्या दुप्पट, घनफळ ८ × अंतराचा घन, विकलन २४ × अंतराचा वर्ग. हेच सहा चौरस.

२५. तिरकी वृत्तचिती, तिरका शंकू, अंडाकृती. यांची सूत्रं द्या.

तिरक्या चितीचं घनफळ सरळ चितीएवढंच राहतं, पृष्ठफळ मात्र वाढतं. नाण्यांची चळत ढकलून तिरकी करा, धातू तेवढाच, पण हात लागणारे काठ जास्त. उभं पृष्ठफळ = अंगाला काटकोनात घेतलेल्या छेदाची परिमिती × तिरक्या कडेची लांबी. तळ वर्तुळ असेल तर तो छेद लंबवर्तुळ होतो आणि त्याच्या परिमितीला साधं सूत्र नाही. तिरका शंकू आणि तीन वेगवेगळ्या अक्षांचा लंबगोल यांचीही तीच गत, तिथे संगणकाने अंदाज काढतात.

२६. वक्र भागावर बारीक त्रिकोण बसवत गेलो तर शेवटी खरं पृष्ठफळ मिळेलच ना?

दर वेळी नाही. जर्मन गणिती हर्मन श्वार्त्स यांनी १८८० च्या सुमारास साध्या वृत्तचितीवरच हे दाखवलं. त्रिकोणांची टोकं वृत्तचितीवरच ठेवली, पण आडव्या थरांची संख्या घेरावरच्या बिंदूंपेक्षा फार वेगाने वाढवली. त्रिकोण लहान होता होता आडवे कलतात, पृष्ठ हार्मोनियमच्या भात्यासारखं चुणीदार होतं आणि बेरीज हवी तेवढी मोठी करता येते. त्रिकोण नुसते बारीक असून भागत नाही, ते पृष्ठाला अंगाबरोबर टेकलेलेही असावे लागतात.

२७. नदीतल्या गोट्याचं पृष्ठफळ कसं काढू? सूत्र तर बसत नाही.

पातळ ॲल्युमिनियमची फॉइल गोट्यावर बोटाने दाबत बसवा. एकावर एक आलेला भाग कात्रीने काढून टाका, उघडं काही राहू देऊ नका. मग ती फॉइल काढून अचूक काट्यावर तोला. त्याच गुंडाळीतला १० सेमी × १० सेमीचा चौरस कापून तोही तोला. समजा चौरस ०.४ ग्रॅमचा भरला आणि गोट्यावरची फॉइल ०.७ ग्रॅमची, तर ०.७ भागिले ०.४ गुणिले १००, म्हणजे १७५ चौसेमी. दोनदा करून सरासरी घ्या, पहिल्या खेपेला फॉइल हमखास फाटते.